बशी

मी चित्रफितींतले हात लिहून काढते. पोटासाठी.
सेकंदाला पंचवीस चौकटी. एकेक थांबवायची,
कुठलं बोट कधी उठलं, कुठे टेकलं, नोंदवायचं.
डावा रकाना खुणांच्या भाषेचा,
उजवा नुसत्या हावभावांचा.

या आठवड्याच्या फितीत माझे वडील आहेत.
नियमाने ती माझ्याकडे यायला नको होती,
पण माणसं कमी आहेत.

कागदावर ते 'त-११'. घरी ओइवा.
तुर्कूच्या छापखान्यात चाळीस वर्षं खिळे जुळवले,
उलटी अक्षरं सुलटी वाचत.
यंत्रांची धडधड त्यांना तळपायांतून कळायची;
ऐकणारे कामगार कानात कापूस कोंबत,
हे निवांत.
रात्री जेवताना शहराच्या बातम्या सांगत, नखांत शाई तशीच,
आणि आई म्हणे, आधी हात धू,
काळं बोलतोयस.

नोव्हेंबरात मेंदूच्या डाव्या अंगाला एक गाठ अडकली रक्ताची.
उजवा हात महिन्याभरात परतला,
भाषा परतली नाही.
(लोक विचारतात, बहिऱ्याला कसला वाचाघात,
वाचा होतीच कुठे?
मी आता समजावत बसत नाही.)

मिर्व्हा दात घासायच्या ब्रशचं चित्र दाखवते. याची खूण?
वडिलांचं बोट हनुवटीपाशी जातं, गालावर सरकतं,
त्याची मूठ होते, मूठ उघडते.
आमच्या भाषेत असा शब्द नाही.
खिळ्यांचा खण हातातून निसटून
फरशीभर सांडावा, तसं.
बरं, ती म्हणते, वापरून दाखवा.
आणि ते ट्यूब पिळतात, घासतात, चूळ भरतात,
झाकण शोधून परत लावतात,
आरशात मागची दाढ तपासतात.
उजवा रकाना पुरत नाही मला.

मग आईचा फोटो. नाव?

आईची खूण: दोन बोटं डाव्या भुवईवर.
शाळेत हात हलवला म्हणून फेकून मारलेल्या डस्टरचा व्रण आहे तिथे.
ही खूण त्यांनीच ठेवली होती, नऊ वर्षांचे असताना.

चौकट ४०१७: बोटं उठतात.
४०३०: कानाजवळ अडतात.
४०६२: हात मांडीवर.
मिर्व्हा पुढचं चित्र उचलते,
तेवढ्यात हात आपणहून वर येतो.
कप तिरका. कॉफी बशीत.
साखरेचा खडा पुढच्या दातांत, ओठांचा चंबू, फुंकर,
आणि बशीच्या कडेवरून
'अजून इथेच बसलायस?' असं बघणं.

आई. हुबेहूब आई.

बुधवारी क्लबात ही गोष्ट माझ्याआधी पोचली.
म्हातारा उओलेवी आईला बोलवायला बशी उचलू लागला,
चेष्टेत, पण प्रेमाने.
पुढच्या बुधवारी कप गळाला.
मग साखर. मग फुंकर.
ईस्टरपर्यंत उरला सपाट तळहात
हनुवटीखाली, एक झटका:
लेम्पी.
तिला कधी न भेटलेली पोरंसुद्धा करतात.
शब्द असा समोर जन्मताना बघत होते मी
आणि मिर्व्हाला कळवावं की नाही ठरत नव्हतं.

परवा मी वडिलांना तोच झटका देऊन विचारलं,
आई कुठेय?
परक्या गावच्या पाटीकडे पाहावं
तसं पाहिलं त्यांनी माझ्या तळहाताकडे.
करून बघितलं. हात हनुवटी चुकला,
छातीवर गेला, तिथे त्याची मूठ झाली.
जोवर ती बशी होती, त्यांची होती.

मग खुर्ची पुढे ओढली त्यांनी.
नसलेला कप घेतला. ओतली. खडा. फुंकर.
सगळी कॉफी प्यायले, सावकाश,
खाली काही न सांडता.

आई बेसिनपाशी उभी होती.
तिला काही म्हणायचं असावं,
ती हात पुसायला लागली.